पापणीची शस्त्रक्रिया, कॉर्निया आणि दृष्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पडलेली पापणी वर उचलणे, डोळ्यावर लोंबणारी जास्तीची कातडी काढणे, आत किंवा बाहेर वळलेली पापणी सरळ करणे अशा शस्त्रक्रियांची चौकशी करताना व्रण दिसेल का, सूज किती दिवस राहील, हे बहुतेक जण विचारतात. शस्त्रक्रियेनंतर डोळा पूर्ण मिटेल का, हे मात्र फार थोडे जण विचारतात. नजर सांभाळायची असेल तर हाच प्रश्न पहिला हवा. पुढील उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत. ती सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. तुमच्या डोळ्याविषयीचा निर्णय तपासणी केलेल्या नेत्रतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो.

शस्त्रक्रिया पापणीवर होते, मग कॉर्नियाला त्रास का व्हावा?

डोळ्याच्या पुढच्या भागातील पारदर्शक, घुमटाकार भिंत म्हणजे कॉर्निया. मराठी वैद्यकीय पुस्तकांत तिला पारपटल म्हणतात. मध्यभागी तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि तरीही डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे दोन तृतीयांश काम तीच करते. डोळ्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजण्याचे एकक) धरली, तर त्यांतील सुमारे ४३ एकट्या कॉर्नियाची असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, कारण त्या असत्या तर ती पारदर्शक राहिली नसती. त्यामुळे तिला लागणारा प्राणवायू जागेपणी हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून मिळतो आणि झोपेत तो पापणीच्या आतल्या अस्तरातील रक्तवाहिन्यांकडून येतो.

हा अश्रूंचा थर पसरवण्याचे काम पापणी करते. मिनिटाला साधारण पंधरा वेळा ती खाली येते, धूळ पुसते, पाणी सारखे करते आणि आपल्या कडेवरील ग्रंथींमधले तेल त्या पाण्यावर पसरवते, म्हणजे ते लवकर उडून जात नाही. पापणीची लांबी, ताण, कडेची दिशा किंवा मिटण्याची ताकद यांपैकी काहीही बदलले, की त्याचा हिशेब कॉर्नियाला द्यावा लागतो. तो बदल कधी फायद्याचा असतो, कधी तोट्याचा, आणि अनेकदा काही आठवड्यांपुरताच असतो.

शस्त्रक्रियेनंतर झोपेत डोळा थोडा उघडा राहतो. हे धोक्याचे आहे का?

पहिले काही दिवस सूज आणि टाक्यांचा ताण यांमुळे डोळा एक-दोन मिलिमीटर उघडा राहणे हे पुष्कळ रुग्णांत दिसते आणि सूज उतरली की बहुतेकांचे ते भरून येते. म्हणून घाबरून जाऊ नये. परंतु या काळात काळजी घेणे टाळूही नये, कारण कॉर्नियाची हानी नेमकी याच काळात, तीही रात्री, नकळत सुरू होते.

डोळा मिटला नाही की कॉर्नियाचा खालचा भाग रात्रभर उघडा राहतो. तेथील अश्रू सुकतात आणि वरच्या पेशी एकेक करून मरू लागतात. नेत्रतज्ज्ञ डोळ्यात फ्लुओरेसिन या रंगाचा थेंब टाकून स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या प्रकाशात पाहतात, तेव्हा कॉर्नियाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात हिरव्या ठिपक्यांचा आडवा पट्टा चमकताना दिसतो. डोळा जेवढा उघडा राहिला होता, त्याचीच ती खूण असते. एवढ्यावर उपचार झाले तर पेशी काही दिवसांत भरून येतात. दुर्लक्ष झाले तर ठिपके एकमेकांना मिळून जखम होते, जखमेत जंतू शिरतात, आणि ती बरी होताना मागे पांढरा डाग राहतो. यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडणे म्हणतात. हा डाग मध्यभागी पडला तर चष्म्याने नजर सुधारत नाही.

सुदैवाने निसर्गाने एक सोय केलेली आहे. आपण डोळे मिटतो तेव्हा बुबुळ आपोआप वर सरकते आणि पापणीची फट राहिली तरी तेथे कॉर्नियाऐवजी डोळ्याचा पांढरा भाग येतो. याला बेल यांची प्रतिक्रिया म्हणतात. काही लोकांत ती क्षीण असते किंवा नसतेच. अशा रुग्णात एक मिलिमीटरची फटसुद्धा महागात पडू शकते, तर प्रतिक्रिया चांगली असलेला रुग्ण दोन मिलिमीटरची फट सहन करतो.

अशा वेळी घरी काय करावे?

दिवसा परिरक्षक द्रव्य (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री झोपताना घट्ट मलम, हा पाया आहे. मलमाने थोडा वेळ अंधुक दिसते, म्हणून ते अंथरुणावर पडल्यावरच घालावे. डॉक्टरांनी सांगितले असेल तर पापणी मिटवून त्यावर वैद्यकीय चिकटपट्टी लावावी. येथे एक चूक वारंवार होते : कापसाची घडी डोळ्यावर ठेवून वरून सैल पट्टी बांधली जाते, घडीखाली डोळा उघडतो आणि रात्रभर कापूस थेट कॉर्नियावर घासत राहतो. पट्टीखाली डोळा खरोखर मिटलेला आहे, याची घरच्या कोणाकडून तरी खात्री करून घ्यावी.

पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत चेहऱ्यावर घेऊ नये. दुचाकीवर बसायचे असेल, अगदी मागे बसायचे असले तरी, काच असलेले हेल्मेट किंवा बंदिस्त चष्मा लावावा. गुलाबपाणी, मध, तूप यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये; जखमी कॉर्नियासाठी जंतुसंसर्गाचा तो सरळ मार्ग ठरतो.

मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या थेंबांविषयी मात्र अधिक स्पष्ट बोलायला हवे. ‘लाल डोळ्याचे औषध’ म्हणून दिल्या जाणाऱ्या कित्येक बाटल्यांत स्टेरॉइड असते. त्याने लाली आणि वेदना एक-दोन दिवसांत कमी होतात आणि रुग्णाला बरे वाटते. आत मात्र कॉर्नियाच्या जखमेत बुरशी किंवा जंतू असतील तर ते फोफावतात. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी स्टेरॉइडचे थेंब दिले असतील तर ते ठरवून दिलेले दिवसच घालावेत, उरलेली बाटली पुढच्या वेळेसाठी जपून ठेवू नये.

डोळे कोरडे पडणे किती दिवस चालते?

चरचर, खडा गेल्यासारखे खुपणे, वाचताना शब्द अंधुक होणे आणि पापणी लवल्यावर पुन्हा स्वच्छ दिसणे ही कोरडेपणाची लक्षणे आहेत. डोळ्यातून पाणी वाहणे हेही त्यातलेच एक लक्षण असू शकते. कोरड्या कॉर्नियाची आग शमवण्यासाठी डोळा पातळ पाणी सोडतो, पण ते टिकत नाही. बहुतेकांना हा त्रास काही आठवडे ते दोन-तीन महिने होतो. ज्यांना आधीपासूनच डोळे कोरडे पडण्याचा त्रास आहे, ज्यांना संधिवातासारखा विकार आहे, रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया आणि दिवसभर संगणकासमोर बसणारे लोक यांना तो अधिक काळ जाणवू शकतो. वरच्या आणि खालच्या दोन्ही पापण्यांवर एकाच वेळी शस्त्रक्रिया झाल्यास शक्यता वाढते.

शस्त्रक्रियेपूर्वी कोणत्या तपासण्या आग्रहाने करून घ्याव्यात?

छायाचित्रे काढणे आणि पापणीची उंची मोजणे हे सगळीकडे होते. त्याच्या जोडीला पुढील गोष्टी झाल्या आहेत ना, हे रुग्णाने विचारण्यात गैर काहीच नाही.

पहिली, डोळा मिटण्याची ताकद आणि बेल यांची प्रतिक्रिया. डॉक्टर बोटांनी पापण्या हलकेच उघड्या धरून रुग्णाला डोळे मिटायला सांगतात आणि बुबुळ वर जाते का हे पाहतात. या तपासणीला अर्धे मिनिट लागते, कोणतेही यंत्र लागत नाही, आणि तरीही पापणी किती उचलायची हा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो.

दुसरी, अश्रूंची तपासणी. शर्मर चाचणीत टिपकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटे अडकवतात. ती पाच मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर अश्रू बरेच कमी आहेत असे समजतात. फ्लुओरेसिनने कॉर्नियावरचे ठिपकेही पाहिले जातात. तिसरी, कॉर्नियाची संवेदना. नागीण डोळ्यावर उठून गेली असेल किंवा मधुमेह फार जुना असेल तर ही संवेदना कमी झालेली असू शकते, आणि मग जखम झाली तरी रुग्णाला दुखत नाही. वेदना ही कॉर्नियाची राखण आहे. ती नसलेल्या डोळ्यात पापणी बेतानेच उचलावी.

खालच्या पापणीवर शस्त्रक्रिया असेल तर तिचा सैलपणा पाहणे आवश्यक आहे. पापणी बोटाने खाली ओढून सोडल्यावर ती लगेच जागेवर आली पाहिजे. सैल पापणीतून कातडी काढली तर ती खाली ओढली जाते किंवा बाहेर वळते, आणि कॉर्नियाचा खालचा भाग उघडा पडतो. वरच्या पापणीतील जास्तीची कातडी काढतानाही, भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या कडेपर्यंत निदान २० मिलिमीटर कातडी शिल्लक राहावी, असा संकेत शल्यचिकित्सक पाळतात. ज्यांची ही शस्त्रक्रिया पूर्वी एकदा झालेली आहे आणि पुन्हा करावीशी वाटते, त्यांनी हा आकडा जरूर ध्यानात ठेवावा.

पापणी अचानक पडली आहे. लगेच शस्त्रक्रिया करावी का?

नाही. आधी कारण शोधले पाहिजे. पापणी पडण्याबरोबर दोन-दोन दिसत असेल, बाहुली मोठी झाली असेल किंवा डोके तीव्र दुखत असेल, तर मेंदूतील रक्तवाहिनीच्या फुगवट्याचा दाब मज्जातंतूवर आलेला असू शकतो. अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. पापणी सकाळी बरी आणि संध्याकाळी अधिक पडत असेल तर मायस्थेनिया हा स्नायूंच्या थकव्याचा आजार आहे का, हे तपासावे लागते. त्याचे उपचार औषधांनी होतात.

शस्त्रक्रियेनंतर चष्म्याचा नंबर बदलतो का?

बदलू शकतो, विशेषतः सिलिंडरचा नंबर, म्हणजे कॉर्नियाची गोलाई सगळ्या दिशांनी सारखी नसल्यामुळे लागणारा नंबर. पापणी कॉर्नियावर टेकलेली असते आणि तिचा दाब कॉर्नियाच्या गोलाईवर सतत काम करत असतो. पडलेली किंवा जड पापणी उचलली की दाबाची जागा आणि मात्रा बदलते आणि कॉर्निया किंचित वेगळा आकार घेतो. प्रौढांत हा फरक बहुधा एका डायॉप्टरच्या आत असतो आणि पुष्कळांना तो जाणवतही नाही. पापणीत मोठी गाठ असेल तरी ती कॉर्नियाला दाबून सिलिंडरचा नंबर आणू शकते. गाठ काढल्यावर तो उतरतो.

म्हणून घाईने नवा चष्मा करू नये. सूज पूर्ण उतरून आकार स्थिर व्हायला सुमारे तीन महिने द्यावेत आणि मग नंबर तपासावा. पहिल्या आठवड्यातील अंधुकपणा मुख्यतः मलम, अश्रूंचा बिघडलेला थर आणि सूज यांचा असतो.

आईला मोतीबिंदूही आहे आणि पापण्याही पडल्या आहेत. आधी कोणते ऑपरेशन?

या प्रश्नाकडे दिले जाते त्याहून अधिक लक्ष द्यायला हवे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवायच्या भिंगाची ताकद कॉर्नियाच्या गोलाईवरून काढतात. पापणी उचलल्यावर ती गोलाई थोडी बदलणार असेल, तर आधी पापणी, मग काही महिन्यांचे अंतर आणि नंतर नव्याने मोजमाप करून मोतीबिंदू, हा क्रम तर्काला धरून आहे. सिलिंडरचा नंबर घालवणारे टोरिक भिंग किंवा दूरचे आणि जवळचे दोन्ही दाखवणारे बहुकेंद्री भिंग बसवायचे असेल तर तो अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण ही महाग भिंगे अर्ध्या डायॉप्टरच्या फरकानेही नाराज करू शकतात.

उलट बाजूही आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात डोळा उघडा ठेवणाऱ्या साधनामुळे आणि वयामुळे सैल झालेल्या स्नायूबंधामुळे पापणी नंतर आणखी पडू शकते, आणि मग पापणीचे काम पुन्हा करावे लागते. मोतीबिंदू पूर्ण पिकलेला असेल, चालताना पडण्याची भीती असेल, तर तोच आधी काढावा. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या योजनेची कल्पना असणे ही किमान गरज आहे; ती जबाबदारी बहुतेक वेळा मुलामुलींनाच घ्यावी लागते.

लेसिक झालेले असेल तर?

लेसिक म्हणजे चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी कॉर्नियावर केलेली लेसर शस्त्रक्रिया. तिच्यात कॉर्नियातील बारीक मज्जातंतू कापले जातात, त्यामुळे काही महिने संवेदना आणि अश्रू दोन्ही कमी असतात. त्यावर पापणीच्या शस्त्रक्रियेचा कोरडेपणा चढवू नये. दोहोंमध्ये सहा महिन्यांचे अंतर ठेवण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो, आणि लेसिक झाल्याचे पापणीच्या डॉक्टरांना न विसरता सांगावे.

बाळाची पापणी जन्मतःच पडलेली आहे. मोठे झाल्यावर ऑपरेशन केले तर चालेल का?

पापणी बाहुलीवर येत नसेल, दोन्ही डोळ्यांची नजर सारखी वाढत असेल, तर तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबता येते. परंतु पापणी बाहुली झाकत असेल, किंवा तिच्या दाबाने सिलिंडरचा नंबर आला असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारे चित्र दुर्लक्षित करू लागतो आणि डोळा आळशी होतो. हा आळस लहानपणीच घालवता येतो; पुढे पापणी कितीही सुंदर उचलली तरी गेलेली नजर तितकीशी परत येत नाही. म्हणून ‘लग्नाच्या वयात बघू’ हा घरातील ज्येष्ठांचा सल्ला येथे मानू नये, आणि बाळाला लवकरात लवकर लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. ऑपरेशन झाल्यावरही चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधणे हे उपचार चालू ठेवावे लागतात.

जन्मजात दोषात पापणी उचलणारा स्नायू तंतुमय आणि ताठर असतो. तो फारच दुबळा असेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला सिलिकॉनच्या दोरीने किंवा मांडीतून काढलेल्या पट्टीने जोडतात. अशी मुले झोपेत डोळा किंचित उघडा ठेवून झोपतात आणि खाली पाहताना ती पापणी मागे राहते. हे अपेक्षितच असते. रात्रीचे मलम मात्र डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत चालू राहिले पाहिजे.

टाका डोळ्यात टोचतो आहे असे वाटते. तसे होऊ शकते का?

होऊ शकते. पापणीच्या आतल्या बाजूने घातलेल्या टाक्याचे टोक उघडे राहिले तर प्रत्येक वेळी पापणी लवताना ते कॉर्नियाला खरवडते. अशा वेळी कॉर्नियावर वरच्या भागात उभे ओरखडे दिसतात. टाका कापून काढणे किंवा तो विरघळेपर्यंत संरक्षक कॉन्टॅक्ट लेन्स घालणे, हा सोपा उपाय आहे. डोळा चोळू नये आणि ‘टाक्यांमुळे दुखणारच’ असे स्वतःच ठरवून पुढच्या भेटीची वाट पाहू नये.

कोणत्या लक्षणांसाठी मध्यरात्रीसुद्धा डॉक्टरांना उठवावे?

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या चोवीस तासांत एका डोळ्यात वाढत जाणारी तीव्र वेदना, डोळा दगडासारखा कडक होऊन पुढे येणे, पापणीखाली झपाट्याने वाढणारी सूज आणि नजर कमी होणे ही डोळ्याच्या खोबणीत रक्तस्राव झाल्याची लक्षणे असू शकतात. हे क्वचितच घडते. पापण्यांच्या सौंदर्यशस्त्रक्रियेत सुमारे दोन हजारांत एक, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते, आणि त्यातही कायमची नजर जाणारे रुग्ण फारच थोडे. परंतु साचलेल्या रक्ताच्या दाबाने दृष्टिपटलाचा (डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याचा) रक्तपुरवठा तुटला तर दीड-दोन तासांत न भरून येणारी हानी होते. उपचारात टाके उघडून रक्ताला वाट देतात आणि पापणीचा बाहेरचा कोपरा कापून दाब उतरवतात. पट्टी बांधलेली असेल तर ती बाजूला करून नजर तपासावी. नजर गेल्याचे सकाळी पट्टी काढल्यावर कळणे टाळता येण्याजोगे आहे.

अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर ती डॉक्टरांना सांगावीत. पण हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

काही दिवसांनी डोळा लाल होऊन उजेड सहन न होणे, चिपडे येणे आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे ही कॉर्नियाच्या जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. त्यासाठीही दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

पापणीच्या शस्त्रक्रियेने कॉर्निया वाचतो असेही होते का?

होते, आणि आपल्या देशात हे काम मोठे आहे. खुपऱ्यांच्या आजारात पापणीच्या आतल्या अस्तरावर व्रण पडून तिची कड आत वळते आणि केस दर वेळी कॉर्नियावर घासतात. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. तरीही पूर्वी हा आजार होऊन गेलेल्या वृद्धांच्या पापण्या आजही वळलेल्या सापडतात. चिमट्याने केस उपटल्यास ते काही आठवड्यांत पुन्हा येतात आणि नव्याने उगवलेले आखूड केस अधिक टोचतात. कड बाहेर फिरवणारी शस्त्रक्रिया हाच टिकाऊ उपाय आहे.

चेहऱ्याच्या लकव्यात डोळा मिटत नाही, तेव्हा बाहेरच्या कोपऱ्यात पापण्या काही काळ शिवतात किंवा वरच्या पापणीत सोन्याचे छोटे वजन बसवतात. कुष्ठरोगात तर दुहेरी संकट असते : डोळा मिटवणारी नस आणि कॉर्नियाला संवेदना देणारी नस दोन्ही बाधित होऊ शकतात, म्हणजे डोळा उघडा राहतो आणि त्याला इजा झाल्याचे कळतही नाही. अशा रुग्णाने रोज आरशात डोळ्याची लाली पाहण्याची सवय लावून घ्यावी, आणि पापणीची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये.

विमा मिळतो का?

केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. पापणीमुळे नजरेचे क्षेत्र झाकले जात असेल तर पापणी पट्टीने वर धरून आणि न धरता केलेली दृष्टिक्षेत्र चाचणी, छायाचित्रे आणि डॉक्टरांचे पत्र जोडून पूर्वमंजुरी मागावी.

पापणी जास्त उचलली गेली असेल तर ती पुन्हा खाली आणता येते का?

येते, आणि जितक्या लवकर लक्षात येईल तितके ते सोपे असते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत काही वेळा टाका सैल करून किंवा डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे पापणी खाली ओढण्याचा व्यायाम करून भागते. व्रण घट्ट झाल्यावर मात्र पुन्हा शस्त्रक्रिया लागते. कातडीच कमी पडली असेल तर दुसऱ्या पापणीची किंवा कानामागची कातडी लावावी लागते. कॉर्नियावर ठिपके वाढत असतील तर दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी ‘सहा महिने थांबू’ हा नियम लागू होत नाही. डोळा आधी झाकला गेला पाहिजे, मग तो दिसायला कसा का असेना. कमी उचललेली पापणी पुढे पुन्हा उचलता येते. जास्त उचललेल्या पापणीने कॉर्नियावर सोडलेला डाग पुसता येत नाही, म्हणून वयस्कर आणि कोरड्या डोळ्यांच्या रुग्णात डॉक्टर एखादा मिलिमीटर राखून काम करतो म्हणाले, तर त्याला संमती द्यावी.